छापील शास्त्रात नसलेली शेवंती

छापून आलेल्या शास्त्राप्रमाणे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ल्यूपस हा आजार दुर्मिळ आहे. हे माझं मत नाही. मुंबईच्या एका मोठ्या सरांनी तसं लिहिलं, ते जाड गुळगुळीत कागदावर छापलं गेलं, आणि गुळगुळीत कागदावरचं खोटं ठरवायची आपल्याकडे पद्धत नाही. त्या लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत ‘स्थानिक सहकार्याबद्दल आभार’ असं एक वाक्य आहे. ते स्थानिक सहकार्य म्हणजे मी. नाव घालायला जागा पुरली नसावी.

संपादकांनी मला संशोधनातल्या आठवणी हलक्याफुलक्या भाषेत लिहायला सांगितल्या आहेत. हलकं लिहायचा मी प्रयत्न करते. फुलकं जमेलच असं नाही.

माझी आई राजापूरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की त्याला किती लांब जाऊ द्यायचं आणि नेमकी कधी हाक मारायची, हे मी अक्षरं शिकायच्या आधी शिकले. पुढे स्कॉलरशिपवर मुंबईला डॉक्टर झाले, पॅथॉलॉजी केलं. खूप शिकलेल्या लोकांना घासाघीस करणं कमीपणाचं वाटतं हे मला तिथे कळलं. ते तिला चर्चा म्हणतात. ऐंशी सालाच्या आसपास रत्नागिरीला परत येऊन मी बाजाराच्या मागे दोन खोल्यांत लॅब टाकली. तपासायची मी, आणि तपासून काही निघालं तर औषध द्यायचीही मीच, कारण ह्या आजाराचं नाव ऐकलेलं दुसरं कुणी जवळपास नव्हतं. निघताना सर म्हणाले होते, “किनाऱ्यावरच्या बायकांत ल्यूपस दिसतो का बघा. दिसला तर आपण मिळून लिहू.” त्यातला ‘मिळून’ हा शब्द मी त्या वेळी नीट दाबून पाहायला हवा होता. आंबा पाहतो तसा.

ल्यूपस म्हणजे काय, हे मी पेशंटांना जसं सांगत असे तसंच सांगते. हापूसच्या बागेत आपण राखणीला गुरखा ठेवतो. त्याने चोराला हाणावं ही अपेक्षा. एके दिवशी त्याचं डोकं फिरतं आणि तो मालकालाच बडवायला लागतो, मग मालकिणीला, मग विहिरीत दगड टाकतो. शरीराची राखण करणारी फौज असतेच प्रत्येकात. ल्यूपसमध्ये ती स्वतःच्याच सांध्यांवर, कातडीवर आणि मूत्रपिंडांवर उठते. बहुतेक तरुण बायकांमध्ये. ऊन लागलं की जास्तच चवताळते. नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा उमटतो, पंख पसरून बसलेल्या फुलपाखरासारखा. ताप येतो, केस गळतात, बोटं सकाळी वळत नाहीत. हे सगळं दिसतं. मूत्रपिंडं मात्र आत गुपचूप नासत असतात, आणि बाई त्यानेच जाते.

चट्टा दिसला की गावात दोनच निदानं होत. महारोग, नाहीतर देवीचा कोप. पहिल्यात सुनेला माहेरी घालवत, दुसऱ्यात देवळात नेत. माझ्याकडे येत ते दोन्ही करून दमल्यावर. क्वचित पुरुषही येत. गुहागरकडचे एक पोस्टमास्तर आले होते. हा आजार बहुतेक बायकांना होतो असं मी म्हणाले मात्र, ते ताडकन उठले आणि आपल्याला साधा संधिवात आहे असं मला लिहून द्या म्हणून हटून बसले. औषध ल्यूपसचं घेईन, पण नाव संधिवाताचं हवं. मी दिलं. नावाने कुणाची मूत्रपिंडं नासत नाहीत.

तपासणी माझ्या आवाक्यातली एकच होती. रक्त गोठू द्यायचं, उबेत ठेवायचं, जाळीतून घासून काढायचं, यंत्रात फिरवायचं, आणि वर जमलेला पांढुरका थर काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली शोधत बसायचं. नशीब असेल तर एखादी पांढरी पेशी सापडते, जिने दुसऱ्या पेशीचा गाभा गिळलेला असतो. शहाळं गिळलेल्या अजगरासारखी ती दिसते, फुगलेली आणि जरा पस्तावलेली. ती दिसली की निदान झालं. पुढच्या पक्क्या चाचण्या मुंबईला, सरांच्या लॅबमध्ये. त्यासाठी रक्त बर्फात जायला हवं. रत्नागिरीहून मुंबईला बर्फात काय जातं? मासळी. तेव्हा मिरकरवाड्याच्या बंदरावर एका ट्रकवाल्याशी भांडून मी सुरमईच्या पेटीत एका कोपऱ्यात माझ्या डब्याची जागा ठरवून घेतली. एकदा बर्फवाल्याने प्रेमापोटी माझ्या डब्यात मूठभर मीठ टाकलं. मिठाने बर्फ अधिक गार होतो, त्याचं चुकलं नाही. फक्त त्या खेपेला डब्यात पेशींसकट अख्खं रक्त होतं. ते गोठलं, पेशी फुटल्या, आणि मुंबईत पोचलं ते कोकमाच्या आगळासारखं. सरांच्या सहायकाचा फोन आला, “मॅडम, हे तपासायचं की प्यायचं?”

हे सगळं मी हसत सोसलं. सरांची एक अट मात्र मला कधी पचली नाही. त्यांना कोरी केस लागे. ज्या बाईच्या पोटात ह्या आजाराची एकही गोळी गेलेली नाही ती कोरी. गोळ्या सुरू झाल्या की रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि अभ्यासाला ती केस निकामी होते. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे, मी नाकारत नाही. अडचण एवढीच की केस सर स्वतः पाहणार, आणि सर रत्नागिरीला येणार एप्रिल-मेमध्ये. संशोधनाला तो काळ फार अनुकूल असतो असा त्यांचा अनुभव होता. ज्या बाईला सप्टेंबरात ताप भरला तिने एप्रिलपर्यंत कोरं राहायचं. मूत्रपिंडांना हे कुणी समजावलेलं नव्हतं.

शेवंती आली ती अशीच गणपती झाल्यावर. राजापूरच्या अलीकडच्या एका आतल्या गावातली, लग्नाला फार दिवस झालेले नव्हते. नवरा मुंबईला कारखान्यात. तो गणपतीला आला, बायकोच्या तोंडावरचा चट्टा पाहिला. मुंबईला पोचल्यावर गावच्या एका माणसाबरोबर निरोप धाडला की हिला माहेरी पाठवा. निरोप सासूला मिळाला. सासूला गावात सगळे आक्का म्हणत. काटक, काळ्यासावळ्या, नाकात जुनी नथ, आणि डोळे असे की माझ्या आईच्या टोपलीपुढे बसल्या असत्या तर आईला घाम फुटला असता.

आक्कांनी शेवंतीला माझ्यापुढे स्टुलावर बसवलं आणि उभ्यानेच बोलल्या.

“महारोग हाय काय तेवढा सांगा. हाय तर हिला हितनाच माहेरी घालवते. नाय तर कापणी तोंडावर हाय.”

“महारोग नाही.”

“मग उद्या शेतात जाऊ दे?”

“शेतात नाही. उन्हात अजिबात नाही.”

आक्कांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “मग महारोग बरा होता. निदान निकाल लागला असता.”

शेवंती खाली बघत होती. बोटं सुजलेली, ओठ कोरडे. मी तिची लघवी परीक्षानळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निरोगी माणसाची लघवी उकळते आणि तशीच राहते. शेवंतीची अंड्याच्या पांढऱ्यासारखी थिजली. मूत्रपिंडं गळायला लागली होती. दुपारी काचपट्टीवर ती गिळकी पेशीही सापडली. आता दोनच गोष्टी उरल्या. गोळ्या लगेच सुरू झाल्या तर बाई वाचेल आणि चट्टा जाऊन घरात टिकेल. नाहीतर पुढच्या पावसापर्यंत दोन्ही घरांतून जाईल.

मी सरांना फोन लावला. ट्रंककॉल लागायला तास गेला. लक्षणं सांगितली. सर खूश झाले.

“उत्तम केस आहे. एप्रिलमध्ये बघू. तोपर्यंत काही देऊ नका हं.”

“सर, लघवी थिजतेय.”

“तेच तर. इतकी स्वच्छ केस वाया नका घालवू.”

रागावले की मी फार सभ्य बोलते. “बरं सर,” असं म्हणून मी फोन ठेवला आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांची बाटली काढली. मुंबईच्या देवाशी सौदा तुटला होता.

गावच्या देवीशी मात्र अजून सुरूही झाला नव्हता. गोळ्या पाहून आक्का म्हणाल्या, “आधी देवीला इचारीन. तिच्या हुकमाशिवाय हिच्या पोटात काय जायाचा नाय.”

आमच्याकडे मोठ्या गोष्टीला देवीचा कौल घेतात. गुरव देवीपुढे गाऱ्हाणं घालतो, प्रश्न मोठ्याने बोलतो, आणि ओल्या कळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो. आधी कुठली पडते त्यावर देवीचं उत्तर. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्नं, भांडणं, विहिरी, सगळं ह्यावर ठरतं. मी शास्त्र शिकलेली बाई. ऐकून माझ्या कपाळाची शीर उठली. पण आईने शिकवलं होतं, की गिऱ्हाईक ज्या दुकानात जाईल तिथे आपली टोपली न्यावी.

दुसऱ्या दिवशी एसटीने गेले, फाट्यावर उतरून कातळावरून चालत देऊळ गाठलं. सकाळभर कोपऱ्यात बसून इतरांचे कौल पाहिले. संशोधकाची सवय, दुसरं काय. कळ्या एका बाजूला जास्त पडतात का, वाऱ्याने, समईच्या उबेने? काही पत्ता लागला नाही. निम्मे उजवे, निम्मे डावे म्हणता येईल असं होतं. म्हणजे शेवंतीचा जीव निम्म्या भरवशावर. माझ्या लॅबमधल्या काही चाचण्या ह्याहून वाईट होत्या, तरी इथे निम्म्यावर मी तयार नव्हते.

गुरव साठीचे होते, गोपाळराव. पान लावत पायरीवर बसले होते. मी शेजारी बसले.

“गाऱ्हाण्यात काय विचारणार?”

“इचारणार, पोरीन गोळ्या घ्याव्या की नाय.”

“असं नका विचारू.”

“मग कसा?”

“असं विचारा. उजवा दिलास तर गोळी सकाळी द्यावी, डावा दिलास तर संध्याकाळी द्यावी.”

गोपाळरावांनी पानाला चुना लावता लावता हात थांबवला. “बाई, देवीला फसवताय?”

“फसवत नाही. डॉक्टरचा निर्णय डॉक्टरवर सोपवा, वेळेचा देवीवर. तिलाही उगाच नसत्या रोगात कशाला ओढायचं?”

“असा सगळा बांधून इचारला तर ती कशाला बोलेल? तिला कायतरी तिचा ठेवायला नको?”

“काय ठेवायचं?”

ते पान तोंडात घालून चघळत राहिले. मी उठले, चपला घातल्या, देवळाच्या कठड्यापर्यंत गेले. मागून हाक आली. मला मनातून फार बरं वाटलं.

“मुदत ठेवू. गाऱ्हाण्यात म्हणतो, शिमग्यापर्यंत गोळ्या, सकाळच्या की संध्याकाळच्या ते तू सांग. म्हणजे तिचा मान राहील, तुमच्या गोळ्या राहतील.”

शिमगा म्हणजे पाच-सहा महिने होते. तेवढ्यात आजार आटोक्यात आणू, पुढचं पुढे पाहू, असा मी हिशेब केला. सौदा पटला. गोपाळरावांनी देवीपुढे उभं राहून शेवंतीचं, तिच्या सासरचं, माहेरचं, सगळ्यांचं नाव घेतलं, प्रश्न ठरल्याप्रमाणे शब्दन् शब्द घातला. आक्का हात जोडून उभ्या. कळी डावीकडची पडली. संध्याकाळ. ह्या गोळ्या संध्याकाळी घेतल्या की झोप उडते, शास्त्राला सकाळ हवी असते. पण घासाघीस करताना काही सोडावं लागतं. मी सकाळ सोडली.

आक्कांनी सौदा अक्षरशः पाळला. दिवेलागणीला देवीपुढे दिवा, मग शेवंतीच्या हातावर गोळी, समोर बसून पाणी. औषध चुकवणारे पेशंट मी आयुष्यभर पाहिले, ह्या घरात एक दिवस चुकला नाही. उन्हाचंही ठरलं. शेतात आक्का स्वतः गेल्या, घरातलं सगळं शेवंतीने केलं. झोप येत नसल्यामुळे ती पहाटेच उठून दळण उरकायची. “तुमच्या गोळीत कामाचा बळ हाय,” असं आक्का मला म्हणाल्या. दिवाळीपर्यंत चट्टा गेला. थंडीत लघवी उकळल्यावर नुसती गढूळ होऊ लागली. गोळ्यांनी गाल भरले, गोल झाले. गाव म्हणालं, देवीने पोरगी भरवली. शिमग्याला नवरा आला, बायकोचं चंद्रासारखं तोंड पाहून खूश झाला, आणि माहेरचा विषय मिटला.

मी सरांना कळवलं की ही केस आता कोरी नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही.

चैत्र लागला तसं शेवंतीला खुर्चीत बसवून चौघांनी फाट्यापर्यंत उचलून आणलं, तिथून जीपने माझ्याकडे. उलट्या, डोळे खोल, नाडी हाताला लागेना. चट्टा परत, पहिल्यापेक्षा गडद. मी आक्कांना विचारलं, गोळ्या कधी बंद केल्या?

“शिमग्याला. होम पेटला त्या दिशी.”

“कुणाला विचारून?”

“देवीला इचारून. तुमीच व्हतात ना हजर?”

ह्या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात. शरीर त्यांच्यावर इतकं विसंबतं की स्वतःचं करायचं विसरतं. हळूहळू, पायरी पायरीने उतरवाव्या लागतात. हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. आक्कांना सांगितलं नव्हतं असंही नाही. पण ते मी लॅबमध्ये, माझ्या तोंडाने सांगितलं होतं. देवळात, देवीच्या तोंडाने आलं ते वेगळं होतं, आणि आक्कांच्या लेखी मोठं दुकान कुठलं ह्यात शंका नव्हती. मी फार बोलले. काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. आक्का ऐकून घेत राहिल्या, मग म्हणाल्या,

“बाई, तुमी शिमग्यापर्यंत मागितला. देवीन शिमग्यापर्यंत दिला. म्होरचा तुमी इचारलाच नाय, तर ती सांगेल कशी?”

मी सलाईन लावलं. इंजेक्शन भरत होते तेवढ्यात दारात सर उभे. एप्रिल होता. आंब्याचा मोसम आणि शास्त्राचा मोसम एकदमच आला होता. त्यांनी शेवंतीला पाहिलं आणि खरंच पुढे झाले. चट्टा पाहिला, बोटं पाहिली, लघवीची नळी उजेडात धरली. मोठा माणूस होता, आजार पाहायची नजर होती, हे मी आजही म्हणते. मग मला बाजूला घेऊन म्हणाले,

“गोळ्या बंद होऊन किती दिवस झाले?”

“शिमग्यापासून.”

“मग असं करू. आणखी पंधरा दिवस थांबू. रक्त पूर्ण स्वच्छ होईल. मग मुंबईला नेऊन मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासू. ही आपल्या लेखातली पहिली केस होईल. तुमचं नाव माझ्या नावाशेजारी.”

इतकी चांगली बोली मला आयुष्यात पुन्हा कुणी केली नाही. किनाऱ्यावरच्या बाईचं नाव, मोठ्या सरांच्या नावाशेजारी, गुळगुळीत कागदावर. मी म्हणाले, “रक्त आत्ता घ्या. तुकडाही घ्या, ती उठून बसली की. पण इंजेक्शन आत्ता जाणार.”

“मग ती केस राहत नाही.”

“न दिलं तर ती बाई राहत नाही.”

“तुम्ही फार भावनेने बोलता. ही काय एकच बाई आहे का?”

“सर, तिच्यापुरती तरी एकच.”

मी आत जाऊन सुई दिली. सरांनी माझ्या पाठीमागे मोठा श्वास सोडला. शेवंती तिसऱ्या दिवशी उठून पेज प्याली. त्यानंतर सर माझ्याशी फोनवर ‘अहो’ ऐवजी ‘मॅडम’ म्हणायला लागले. त्यांच्या लॅबमध्ये नकोशा झालेल्या बायकांसाठी तो शब्द वापरत.

देवळात पुन्हा गेले. गोपाळरावांना म्हणाले, “आता आयुष्यभराचं विचारा.” त्यांनी कानाला हात लावले. “आयुष्यभराचा देवीकडे मागूचा नसता. वर्सावर वर्सा घ्यायचा. तिलाही बघू दे पोरगी कशी वागते ती.” तेव्हापासून दर शिमग्याआधी आम्ही कौल नव्याने घेत आलो. गोळी किती, सकाळी की संध्याकाळी, उतरवायची कशी, हे सगळं मी आधी पायरीवर बसून गोपाळरावांशी ठरवायची. त्यात मी जिंकले किती आणि ते जिंकले किती, हे सांगणं कठीण आहे. सकाळ मात्र तिसऱ्या वर्षी मिळवली.

अशा बायका वाढत गेल्या. आंजर्ल्यापासून खाली राजापूरपर्यंत. प्रत्येकीच्या वेळी मी सरांना कळवायची, प्रत्येकीच्या वेळी ती एप्रिलच्या आधी आजारी पडलेली असायची, आणि प्रत्येकीला मी गोळी दिलेली असायची. सरांच्या हातात कोऱ्या केसेस पडल्या त्या एक-दोन. त्यांवरून त्यांनी लेख लिहिला. कोकण किनाऱ्यावर हा आजार दुर्मिळ. पद्धतीत एक चूक काढून दाखवता येणार नाही. ज्या बायका वाचल्या त्या मोजल्या नाहीत, एवढंच.

दशक संपत आलं तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने रत्नागिरीला सभा भरवली. पाहुणे सर. महिना अर्थात मे. मी आठवडाभर निरोप धाडले आणि दुसऱ्या रांगेत माझ्या बायका आणून बसवल्या. नेसून, गजरे माळून. शेवंती कडेला. सरांनी पडद्यावर चित्रं दाखवली, तक्ते दाखवले, आणि ‘दुर्मिळ’ हा शब्द काढला. मी उभी राहिले.

“सर, दुर्मिळ बायका दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत.”

सभागृहात हसू फुटलं. सरांनी चष्मा वर केला. “ह्या? मला वाटलं शिक्षिका आहेत.”

“ही शेवंती. आपण हिला पाहिलंय. माझ्या लॅबमध्ये, एप्रिलमध्ये.”

सर खाली आले. शेवंतीचे हात हातात घेऊन बोटं वाकवून पाहिली. खिडकीच्या उजेडाकडे तोंड वळवलं. गोरेगोमटे स्वच्छ गाल. सरांनी सभेकडे वळून सौम्यपणे सांगितलं, “मला ह्यांच्यात आज काहीच दिसत नाही. मॅडमचा उत्साह वाखाणण्यासारखा आहे. पण मूळ निदानाबद्दल शंका घ्यायला जागा आहे, असं नम्रपणे म्हणावं लागेल.”

“पेशी मी स्वतः पाहिली आहे.”

“काचपट्टी आहे?”

काचपट्टी होती. रत्नागिरीच्या पावसाळ्यांत ती बुरशीने खाल्ली होती, तिच्यावर आता फक्त बुरशीचं निदान करता आलं असतं. मी खाली बसले. टाळ्या झाल्या. त्या कुणासाठी होत्या ते मी विचारलं नाही.

चहाच्या सुट्टीत मी व्हरांड्यात एकटी खुर्चीवर बसले होते. जवळ यायची कुणाची छाती झाली नाही. शेवंती बशी घेऊन आली आणि बाकावर टेकली.

“बाई, तो मानूस काय म्हणाला तुमाला? माझा काय खोटा व्हता?”

“म्हणाला, तुला काही झालंच नव्हतं.”

तिने चहाचा घोट घेतला. मग बशी बाकावर ठेवली. व्हरांड्याच्या खाली अंगणात मे महिन्याचं ऊन पडलं होतं, डोळे मिटवणारं.

“मी जरा खाली उभी ऱ्हाऊ काय? जेवणा व्हईपर्यंत. सांजेपर्यंत चट्टा येल तोंडावर. मग न्या मला त्याच्यापुढे.”

पदर तिने डोक्यावरून मागे सारला होता आणि एक पाय पायरीवर गेला होता. तिचं तोंड शांत होतं. बाजारात जाऊन मीठ आणते, असं सांगावं तसं ती सांगत होती. आत सर कुणाशी तरी बोलत हसले. सर संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबणार होते. माझ्या डोक्याने तेवढ्यात हिशेब करून टाकला होता, वेळ पुरत होता.

“पाय वर घे,” मी म्हणाले.

“एकदाच, बाई. एकदान काय व्हतंय?”

“वर घे.”

“बरं, घटकाभर. तुमी म्हणाल तेवढाच.”

“शेवंती, ह्याच्यात घासाघीस नाही.”

तिने पाय वर घेतला आणि पुन्हा बाकावर बसली. उन्हाची तिरीप सरकत बाकाच्या कडेला आली होती. मी माझी खुर्ची उचलून तिच्या आणि तिरिपेच्या मधे ठेवली आणि तिच्याकडे तोंड करून बसले. पाठ भाजत होती. शेवंतीने बशी पुन्हा हातात घेतली आणि चहा संपवला.